यादीतला अकरावा सिग्नल

चौदा मार्च, सकाळी साडेदहा. मागितलेली रक्कम पाच हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, भंगाराचा लिलाव घेतलेला ठेकेदार आणि हिमायतनगरकडच्या एका बंद फाटकावरचे निवृत्त गेटमन. मध्ये जमिनीवर सिग्नलचा लोखंडी हात पडलेला. खांबाचे तोवर गॅसकटरने चार तुकडे झाले होते.

माझा छंद साधा आहे. नांदेड-लातूरकडच्या फाटकांवरचे जुने, हात वर-खाली होणारे सिग्नल शोधायचे, मोजायचे, फोटो काढून वहीत उतरवायचे. बायको म्हणते, "सुट्टीच्या दिवशी लोक देवाला जातात, आमचे हे खांबाला." नोकरी हिशेबनीसाची, त्यामुळे नोंद अपुरी राहिली की मला चैन पडत नाही.

या फाटकाखाली भुयारी रस्ता झाला आणि सिग्नल बाभळींत तसाच विसरला गेला. गेटमन शेजारच्याच वस्तीवर राहतात. निवृत्तीनंतरही ते पदरच्या पैशाने त्याला तेल घालत. खंडेनवमीला लोक नांगर, विळे पुजतात. हे सिग्नलला झेंडूचा हार घालत. मी प्रथम गेलो तेव्हाच म्हणाले होते, "फोटो काढा, मापं घ्या. पर कुणाला कळवू नका, सायब. इसरलेत म्हणून उभा हाय त्यो."

मी ऐकलं नाही. मागच्या दिवाळीनंतर एका स्टेशनच्या फलकावर जुन्या सामानाची यादी लागली होती. माझ्या वहीत सिग्नल अकरा, यादीत दहा. हाच गळलेला. कागदावर चढलेली वस्तू कुणी हलवत नाही, असा माझा आयुष्यभराचा समज. मी त्याच रात्री अर्ज लिहिला: एक नग राहून गेला आहे, कृपया दुरुस्ती व्हावी. सोबत जागेचा नकाशा, उंची, हाताची लांबी, सगळं. दुरुस्ती झाली. आणि ती अख्खी यादी भंगारात निघाली.

ठेकेदाराच्या हातात माझ्याच नकाशाची झेरॉक्स होती. "एवढं नीट कुणीच लिहून देत नाही, काका," तो हसत म्हणाला. "नाहीतर या काट्यांत कोण शिरलं असतं?"

निदान हात तरी मला विकत द्या म्हणालो, तर त्याने पाच हजार सांगितले. माझं डोकं फिरलं. भंगाराच्या भावाने त्या हाताचे पंधराशेच्या वर होत नव्हते, तेही मी त्याला किलोवर मांडून दाखवलं.

"मग भंगारच घ्या की कुठं तरी," तो म्हणाला. "तुम्हाला हाच पाहिजे, त्याचे पाच हजार."

मी त्याला चोर म्हणालो. तो चोर नव्हता. बोली लावून रीतसर घेतलेला माल होता त्याचा. चोराला वाट दाखवणारा म्हणावं तर ते मला लागू होतं, आणि ते कळत असल्यामुळेच मी जास्त ओरडत होतो. शेवटी अडीच हजारांवर सौदा ठरला.

मी पैसे मोजत असताना गेटमन म्हणाले, "बसला का आता तुमच्या वहीत बरोबर?"

"मला वाटलं, नोंद झाली की तो टिकेल."

"तुमाला वाटलं! मी सांगून राहिलो होतो ना? लई शिकलेला माणूस तुमी. बिनशिकलेल्याचं कशाला ऐकाल?"

मी उरलेल्या नोटा मोजून ठेकेदाराच्या हातात ठेवल्या.

टेम्पो बोलावून हात त्यात घातला आणि गेटमनच्या अंगणात उतरवला. तेलाचे म्हणून मी पाचशे पुढे केले. त्यांनी नोट माझ्या खिशात परत कोंबली, टेम्पोवाल्याला तांब्याभर पाणी दिलं, मला विचारलं नाही.

शेवटी दिलं ते असं: ठेकेदाराला अडीच हजार, पावती नाही, टेम्पोवाल्याला सहाशे. गेटमनना काही नाही. त्यांनी घेतलं नाही.