छातीवर फाटलेला शर्ट

तिला सगळी गल्ली उसवबाई म्हणते. जुना कपडा हातात आला की ती कात्री लावत नाही, आधी शिवण उसवते. कापड मोकळं करते, धुते, आणि आतली न विटलेली बाजू बाहेर आणून त्याचा नवा कोट शिवते. दुकान जिन्याखालच्या तळघरात. खिडकी नाही. दोऱ्याचा रंग जुळवायचा तर सहा पायऱ्या चढून रस्त्यावर यायचं, उजेडात बघायचं, परत उतरायचं. दिवसातून तीसदा. गुडघे कामातून गेले. जोडीला नणंद आहे, ती काज-बटणं करते आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवते.

बाजार-इमारतीतली मोठ्या खिडकीची खोली जुन्यातून नवे कपडे करणाऱ्या एका दुकानाला मिळणार, असं कळलं तेव्हा शेजारधर्म म्हणून मीच तिला अर्ज करायला लावला. चूक माझी. निवडणारी माणसं कोण ते आधी बघायला हवं होतं.

तिघे होते. तिघांनी मिळून उभ्या जन्मात एक बटण लावलं नसेल. अध्यक्षांनी बाईचा कोट चिमटीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"बाई, हा तर नवा दिसतोय."

"दिसायलाच हवा. नाहीतर एवढं राबले कशाला?"

"पण जुन्यातून केलाय हे लोकांना कळणार कसं? भावना पोचत नाही."

भावना! बाईने कोट उलटा करून दाखवला. जुना खिसा होता तेवढा चौकोन गडद राहिलेला, बाकी कापडाचा रंग उडालेला. पण साहेबांचे डोळे तोवर शेजारच्या टेबलावर गेले होते.

तिथे एक तरुण कलाकार. त्याच्या शर्टांना भोकं, लोंबते धागे, चहाच्या रंगाचे डाग. समितीला गहिवर आवरेना. एकजण म्हणालाही, "याला म्हणतात कपड्याचं आयुष्य!"

बाई उठली आणि त्यातल्या एका भोकात बोट घातलं.

"हा छातीवर कसा फाटला हो?"

"वापरून," कलाकार म्हणाला.

"कोणी वापरला? शर्ट कॉलरला झिजतो, कोपराला झिजतो, काखेत विरतो. छातीवर फाटायला माणसाला गोळी लागावी लागते. आणि कॉलर बघा, करकरीत. मान नव्हती का त्याला?"

"वहिनी, भूत असेल गं," मागून नणंद.

मला हसू आवरलं नाही. समितीने आम्हालाच सभ्यता शिकवली आणि खोली कलाकाराला देऊन टाकली. ज्यांना झिजणं म्हणजे काय हे माहीत नाही, ते झिजलेल्याची पारख करतात. असल्या समित्या मी रग्गड पाहिल्यात.

समितीच्या दारात धरणं धरू, म्हणून मी फलक रंगवायला घेतला. बाई म्हणाली, "तुझ्या घोषणांनी सुई ओवली जाते का? तो कोट दे इकडे."

महिन्याभराने कलाकार स्वतः मान वाकवून तळघरात उतरला. काखेत कोऱ्या शर्टांचा गठ्ठा.

"ताई, तुम्ही बोललात तेच आता गिऱ्हाइकं बोलतात. कुठे, कसं झिजतं ते तुम्हाला नेमकं ठाऊक. एवढे झिजवून द्या. तिकडेच येऊन बसा, खिडकीपाशी. खोली तुमचीच समजा."

नणंदेने हातातलं बटण खाली ठेवलं. ती वहिनीच्या गुडघ्यांकडे बघत होती.

बाईने वरचा शर्ट उचलला, पायऱ्या चढून उजेडात नेला. आम्ही मागोमाग. तिने कॉलरवरून अंगठा फिरवला, काख उलटी करून पाहिली. मला वाटलं, गेली ही खिडकीपाशी. आणि खरं सांगायचं तर मी तिला दोषही दिला नसता.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "घाल."

"अं?"

"तूच घाल. रोज घाल. ओझी उचल, घाम गाळ, दहा वर्षांनी घेऊन ये. उसवून, उलटवून कोरा करून देईन. मला तेवढंच येतं. नव्याची वाट लावायला माझी काय गरज? ते तुम्हाला बसल्या जागी जमतं."

शर्ट तिने त्याच्या खांद्यावर टाकला. तो खाली जाऊन गठ्ठा घेऊन आला आणि आमच्याकडे न बघता चालता झाला.

"वहिनी," नणंद म्हणाली आणि पदराआडून एक रीळ काढलं, "वर आलोच आहोत तर बघ, हा दोरा चालेल का?"

बाईने रीळ उन्हात धरलं.

"थोडा गडद हवा," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून पहिली पायरी उतरली.