ताईच्या घरातली तिसरी तार

ज्याच्या सहीसाठी लोक दारात उभे राहतात आणि ती मिळाली नाही की ज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, त्याला जग एखादं टोपणनाव दिल्याशिवाय सोडत नाही. याला दिलं होतं नापासराव. जुन्या घरांची वायरिंग तपासायची आणि ती नियमात बसते, धोक्याची नाही, असा दाखला द्यायचा, हे त्याचं काम. पण दाखला देण्यापेक्षा न देण्यात त्याचा हातखंडा होता. बाकीचे तपासनीस खुर्चीत बसून पंखा फिरतोय ना, दिवा लागतोय ना, एवढं बघून सही ठोकायचे. हा उंबऱ्यातच स्क्रूड्रायव्हर काढायचा, एकेक बोर्ड उघडायचा, आत टॉर्च मारायचा आणि एक्स-रे बघताना डॉक्टर करतात तसा चेहरा करायचा. घरमालकाला तिथेच घाम फुटायचा. त्यानं एका मुख्याध्यापकाला नापास केलं होतं, एका वकिलाला दोनदा केलं होतं आणि खुद्द सासऱ्याला केलं होतं. सासरे त्यानंतर जावयासमोर दिवा लावायलासुद्धा कचरत.

फक्त एका घरातला बोर्ड त्यानं इतक्या वर्षांत उघडला नव्हता. थोरल्या बहिणीच्या.

उघडायची गरजच नव्हती. आत काय आहे ते त्याला तोंडपाठ होतं, कारण ते त्यानंच घातलं होतं. ताईचं लग्न ठरलं तेव्हा हा बावीस वर्षांचा होता, मिस्त्रीच्या हाताखालून नुकताच सुटलेला, आणि अंगात इतकी वीज की तार नसती तरी दिवे लागले असते. नव्या घराची सगळी वायरिंग भावाकडून भेट! पण लग्नाला उरले होते चार दिवस. प्लगच्या तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकातून एक तार निघून अंगणातल्या खड्ड्यात, जमिनीत जायला हवी. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती त्या वाटेनं मातीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. त्यासाठी खड्डा खणायचा, घरभर तिसरी तार ओढायची, म्हणजे आठवडा गेला. मिस्त्रीनं एक युक्ती शिकवली होती. प्लगच्या आतच बोटभर तारेचा तुकडा घ्यायचा आणि तिसरं भोक परतीच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या न्यूट्रल तारेला जोडून टाकायचं. बाहेरून सगळं झकास. टेस्टर लावला तर तोही मान डोलावतो. फक्त एखाद्या दिवशी ती परतीची तार तुटली, तर फ्रिजचा दरवाजा, गिझरची टाकी, कपड्यांचं मशीन, सगळं एकदम जिवंत होतं आणि हात लावणाऱ्याचं नेमकं उलट होतं.

त्यानं घरात सोळा प्लग बसवले आणि सोळा तुकडे घातले. दोन वर्षांनी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करताना हे पान आलं आणि तो रात्रभर तळमळला. सकाळी ठरवलं, येत्या सुट्टीत जाऊन सगळं बदलायचं. पण ताईला काय सांगायचं? तिनं तर सासरी गावभर करून ठेवलेलं, की माझ्या भावाच्या हातची वायरिंग आहे, एक दिवा गेला नाही आजवर. पहिल्या सुट्टीला लाज वाटली, दुसऱ्या सुट्टीला काम निघालं, पुढे पुढे आठवेनासं झालं. आठवेनासं झालं म्हणजे काय, तर तो ताईकडे चहा प्यायला गेला की प्लगच्या भिंतीकडे पाठ करून बसायचा. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी नापास करायचा.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. मुलं आपापल्या संसाराला लागली, घर मोकळं झालं आणि ताईनं पाळणाघर काढायचं ठरवलं. अकरा मुलांच्या आईबापांनी होकार दिला. भिंतींवर हत्ती, बदकं, टोप्या घातलेली माकडं रंगवून झाली. आता फक्त वायरिंगचा दाखला हवा होता.

"बाळ्या, घरचाच माणूस आहेस, ये आणि सही करून टाक," ताई फोनवर म्हणाली. त्रेपन्न वर्षांच्या नापासरावाला बाळ्या म्हणणारी तेवढीच एक उरली होती.

तो गेला. जाताना वाटेत त्यानं दहा वेळा ठरवलं, की स्क्रू आवळायचं निमित्त करून तुकडे गुपचूप काढून टाकायचे. पण नुसते काढून भागत नव्हतं. तिसरी तार ओढायची तर भिंतीत जागा नव्हती. हत्तीच्या पोटातून आणि बदकाच्या मानेतून छिन्नी चालवावी लागणार होती. शिवाय नव्या नियमानं मुलांच्या जागेत गळती पकडणारा स्विच सक्तीचा. गेली तितकी वीज परत आली नाही की तो टक्कन पडतो आणि सगळं बंद करतो. त्यानं तो बसवला. भावोजींनी हौसेनं गिझर लावला. टक्. पुन्हा लावला. टक्. गिझरमधली परतीची वीज त्या तुकड्यावरून टाकीत आणि लोखंडी पाइपातून जमिनीत पळत होती.

"अहो, तुमचं हे यंत्र भलतंच हळवं दिसतंय," भावोजी म्हणाले. "आमच्या हिच्यासारखं. जरा काही झालं की पडलं."

"यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "वायरिंग चुकीची आहे."

"कुणाची? तुझीच ना रे?" ताई हसत चहा घेऊन आली.

त्यानं कप घेतला नाही. एक प्लग उघडला, तो तुकडा दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. परीक्षेचं पानसुद्धा.

भावोजींनी आधी थट्टेवर नेलं. "रोज सकाळी मी त्या न्हाणीघरात आत जातो आणि स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. याहून मोठा दाखला कोणत्या कार्यालयाचा आहे?"

ताई मात्र हसली नाही. ती त्या तुकड्याकडे बघत होती.

"परीक्षा कधी दिलीस तू?"

"तुझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी."

"म्हणजे थोरला पोटात होता." तिनं कप खाली ठेवला. "माझी दोन्ही पोरं याच फरशीवर रांगली. धाकटा तर प्लगमध्ये बोटं घालायचा, तूच हसायचास, मामावर गेलाय म्हणून. तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"हो."

"माझ्या पोरांच्या वेळी तोंड उघडलं नाहीस. आणि आता लोकांच्या पोरांसाठी तुला नियम आठवला?"

 तो म्हणाला, "ताई, महिनाभर थांब. मी स्वतः भिंती फोडतो, खड्डा खणतो, सगळं नव्यानं करून देतो."

"तू?" ती म्हणाली. "तू आता या घरातला दिवासुद्धा बदलायचा नाहीस. सहीही नको तुझी. सही करणारे छप्पन्न मिळतात."

छप्पन्न कशाला, एकच पुरला. आठवड्यात दाखला आला. अकरा मुलं सोमवारपासून येणार होती. नापासराव शनिवारी न बोलावता गेला. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. भावोजींनी दार उघडलं आणि बोर्डाकडे बोट केलं. "बघा, तुमचाच स्विच आहे, पण आता शहाण्यासारखा वागतो. अजिबात पडत नाही."

त्यानं स्विचवरचं तपासणीचं बटण दाबलं. ते दाबलं की स्विच पडलाच पाहिजे. पुन्हा दाबलं. काहीच नाही. झाकण काढलं तर स्विच नुसता बसवलेला होता, दातांच्या कवळीसारखा दिसण्यापुरता. एकही तार त्यात जात नव्हती. सगळ्या मागून वळवून नेल्या होत्या. दाखला देणाऱ्यानं दुखणं बरं करण्याऐवजी रोग्याची बोलती बंद केली होती.

"हे आत्ता बंद करा, भावोजी."

"तुम्ही आत्ता घरी जा," भावोजी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

तो तिथूनच परवाना कार्यालयात गेला आणि तक्रारीचा अर्ज दिला. दोषी कोण, या रकान्यात त्यानं पहिलं नाव स्वतःचं घातलं.

बायकोनं घरी ते ऐकलं आणि पोळी तव्यावर करपली. "भावानं बहिणीविरुद्ध अर्ज केला, हे मी नातेवाइकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"बहिणीविरुद्ध नाही. माझ्याविरुद्ध केलाय."

"हो का? मग पत्ता कुणाच्या घराचा लिहिलाय?"

सोमवारी परवाना कार्यालयातले साहेब आले, प्लग उघडले आणि पाळणाघराला सील लागलं. अकरातल्या सात आईबापांनी दुसरीकडे सोय केली. खोटा दाखला देणाऱ्याला लेखी समज मिळाली. त्याचं म्हणणं, माझ्या तपासणीनंतर कुणीतरी तारा फिरवल्या. तो पंधरा दिवसांत पुन्हा सह्या करायला लागला. नापासरावाचा परवाना कायमचा गेला. कारण सरळ होतं: सगळ्या कागदांत गुन्ह्याची कबुली फक्त त्याच्याच कागदावर होती. ज्या वकिलाला त्यानं दोनदा नापास केलं होतं तो भर रस्त्यात थांबून म्हणाला, "अहो, कबूल करण्याआधी मला विचारायचं तरी!"

ताईनं भिंती फोडल्या, हत्तीचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या मिस्त्रीनं तिसरी तार ओढली, कुंपणालगत खड्डा खणला. चार महिन्यांनी पाळणाघर सुरू झालं, चार मुलांवर. त्यानं फोन केला, "ताई, खड्डा किती खोल खणला?" पलीकडून तिच्याच आवाजात "राँग नंबर" आलं आणि फोन बंद झाला.

मग त्यानं स्वतः जाऊन कुंपणावरून बघितलं. खड्डा ठीक होता, पण तोंडाशी माती पांढरी पडून भेगाळली होती. असल्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं, माती सुकली की तार असून नसल्यासारखी. हे ताईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि याचं ती ऐकणार नव्हती. म्हणून तो दर गुरुवारी दुपारी, मुलं झोपलेली असताना, बादली घेऊन यायचा, फाटक हळूच उघडायचा आणि खड्ड्यात पाणी ओतायचा.

तिसऱ्या गुरुवारी खिडकी उघडली.

"कोण आहे?" ताईनं विचारलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"खड्ड्याला पाणी घालतोय."

आत एक मूल झोपेत कुरकुरलं. ताईनं मागे वळून बघितलं.

"घालून झालं की फाटक लावून जा," ती म्हणाली. "पोरं रस्त्यावर जातात."

आणि तिनं खिडकी लावून घेतली.