होडीला बारा माणसं लागतात

चांगीच्या धक्क्यावरून उबिन बेट समोर दिसतं. होडीने दहा मिनिटं. पण होडीला वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की ती सुटते. पंधरा वर्षं सिंगापुरात काढून मला एवढी एकच गोष्ट गावाकडची वाटली होती, आणि तिनेच घात केला.

बेटावरच्या एका म्हाताऱ्या चिनी कोळ्याकडून मी रविवारी सुके मासे आणायची. सगळ्यांसारखी मीही त्यांना अंकलच म्हणायची. माझी मुलगी नाक दाबून खोलीत पळायची, पण त्या वासाशिवाय मला आठवडा सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही. मग अंकलचे गुडघे गेले. मुलाने त्यांना हौगांगला आणलं, आमच्याच ब्लॉकमध्ये, अकराव्या मजल्यावर. दिवसभर ते खाली बाकावर बसून असत. बेटावरच्या घराच्या ओट्यावर एक जाळं अर्धवट राहिलंय, तेवढं पुरं करायचंय, हेच त्यांचं बोलणं. मुलाला सवड नव्हती. शेवटी मीच रजा टाकली आणि टॅक्सी करून त्यांना धक्क्यावर नेलं.

मंगळवार होता. दहाच माणसं जमली. बसल्या बसल्या अंकल मला बोटाने बेट दाखवत होते: देवळासमोरचं नाटकाचं स्टेज, मुलंच उरली नाहीत म्हणून बंद पडलेली शाळा, दगड काढून काढून तळं झालेली खाण. इकडून त्यातलं काही दिसत नव्हतं, नुसता हिरवा पट्टा.

उरलेल्या दोन जागांचे पैसे भरले की होडीवाला निघतो. मी पर्स उघडली, तर अंकलनी माझं मनगट धरलं.

"नो नीड. वेट."

बेटावरचा माणूस होडी भाड्याने करत नाही, वाट बघतो. ते थेर पाहुण्यांचे, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात मी साहेबालाही जुमानत नाही. पण मोठ्यांचा शब्द मोडू नये हे लहानपणापासून इतकं मुरलेलं, की तिथे मी नंदीबैलासारखी मान हलवली आणि पर्स बंद केली. दोघं कंटाळून परत गेली. मग आभाळ भरून आलं, विजा कडाडू लागल्या आणि होड्या बंद झाल्या.

"नेक्स्ट टाइम लाह," अंकल म्हणाले. 

महिन्याभरात ते गेले. बसायचे त्या बाकाशेजारीच अंत्यविधीचा मांडव पडला. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पुढच्या रविवारी मी एकटीच धक्क्यावर गेले. होडीत अकरा जण बसलेले होते. मी चढले आणि होडी सुटली.

जाळं ओट्यावरच होतं, विणायची सुई त्यातच अडकलेली. गाठ शिकवतो, बस, असं अंकल मला दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा मी घाईत होते. सुई थोडा वेळ हातात धरली, होती तिथे परत ठेवली. मग धक्क्यावर येऊन बारा माणसं जमायची वाट बघत बसले.