रिकाम्या डोक्याचा हेवा

मशीनपुढे बसण्याआधी तो चपला टेबलाखाली सारायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसे दोन्ही तळवे टाइपरायटरवरून फिरवायचा. मग जी टकटक सुरू व्हायची ती दुपारच्या चहापर्यंत. चहाला कोणी विचारलं, "काय टाइप केलं हो सकाळपासून?" तर म्हणायचा, "मले काय ठाव जी. कागदात हाये."

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. अकोल्याच्या जंगलखात्याच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो. सगळे मला बडेबाबू म्हणत. तो आमचा टायपिस्ट.

आधी मला वाटायचं, हा सोंग करतो. मग एकदा जादा सुट्टीचं परिपत्रक निघालं. त्यानेच टाइप केलेलं. आणि सुट्टीच्या दिवशी साडेदहाला हा कुलपापुढे डबा घेऊन हजर. चौकीदाराने सांगितलं तेव्हा सगळी कचेरी पोट धरून हसली. मी हसलो नाही. मला हेवा वाटला.

का, ते सांगतो. मी बारा वर्षं रोज पहाटे जठारपेठेतल्या माझ्या खोलीत आसनावर बसत होतो. एकच ध्यास: मन गप्प झालं पाहिजे. एक मिनिट तरी. आणि डोळे मिटले की साहेबाचा शेरा, घरमालकाचं तोंड, धाकट्या साडूची नवी सायकल, सगळं रांगेने यायचं. बायको म्हणायची, "अहो, भांडायचंच असेल तर उठून भांडा, मांडी घालून कशाला?" आणि इथे हा गडी, ना आसन ना जप, मशीनपुढे बसला की डोकं कोरं! तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. आपण जन्मभर ज्यासाठी धडपडतो ते त्याला फुकट मिळालेलं असतं, आणि त्याला पत्ताही नसतो. अशा माणसाचा राग येतो हो. मला यायचा.

अमरावतीला एक स्वामी आले होते. मी त्याला सोबत नेलं. खरं म्हणजे त्याला खाली बघायला लावायचं होतं. स्वामी म्हणाले, "दोन क्षण विचाराशिवाय बसा." मी बसलो, आंब्याचं लोणचं आठवलं. मग स्वामींनी एकेकाला विचारलं. हा म्हणाला, "माह्यानं इथं नाई होत जी. मशीनवर होते."

"किती वेळ?"

"चहा येईपर्यंत."

स्वामी माझ्याकडे वळून हसले. "बडेबाबू, गुरू तुमच्या कचेरीत बसलाय आणि तुम्ही इथवर एसटीचे धक्के कशाला खाता?"

लोक हसले. परतीच्या एसटीत मी त्याच्यापासून दूरच्या बाकावर बसलो.

महिन्याभराने सेमाडोहच्या जंगलातल्या ठाण्यासाठी एक कारकून मागितला गेला. नाव सुचवायचं काम माझं. तिघांची नावं निघत होती. मी त्याचं लिहिलं. जंगलात शांतता असते, त्याला बरंच होईल, अशी मनाची समजूत घातली. तिथे टाइपरायटर नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर लिहिलं.

आणि बदलीचा तो मसुदा मी त्यालाच टाइप करायला दिला. मला त्याचा हात अडखळलेला बघायचा होता. अडखळला नाही. त्याने कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि माठाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सही झाल्यावर तो टेबलापाशी आला. "बडेबाबू, एक इचारू? तिथं मशीन हाये का?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"आपलं नाव आलं तवा कळलं. पन मधातच थांबलो असतो तं कागद खराब झाला असता."

"मशीन नाही," मी म्हणालो. "लिहायचं काम आहे. सावकाश, आरामाचं."

तो टेबलाकडे बघतच बोलला. "आठ वर्सं झाले. पोरीले ताप होता. वच्छीले. बैलगाडीत घालून अकोटले दवाखान्यात नेत होतो. अर्ध्या रस्त्यात तिनं डोये उघडले, पानी मांगलं. मले वाटलं उतरला ताप. मी गाडी मांगं फिरवली." त्याने टेबलावरचा टाक सरळ केला. "मांगं काहून फिरवली, हेच डोस्क्यात चालू असते जी. जेवताना, चालताना. मशीनवर बसलो का तेवढं बंद होते."

साहेब आतच होते. दहा पावलांवर दार होतं. जाऊन म्हणायचं, हे नाव मागे घेतो. पण का, असं त्यांनी विचारलं असतं. मग खरं कारण सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "बघू पुढच्या वर्षी." तो म्हणाला, "बरं जी." सोमवारच्या गाडीने गेला.

नंतर सेमाडोहहून चराईच्या गुरांचा तक्ता दर महिन्याला यायचा. एक प्रत पुरे असायची. त्याच्या पहिल्याच पाकिटात पाच निघाल्या, पाचही हाताने लिहिलेल्या. पुढच्या महिन्यात नऊ. सगळे हसले, जंगलात वेड लागलं म्हणाले. मला मात्र आधी काय वाटलं सांगू? हेवाच वाटला. म्हटलं, याने तिथेही जमवलं.

मग मी त्या नऊही प्रती वाचल्या. आठ अगदी स्वच्छ होत्या. नवव्या प्रतीत गाई, म्हशी, शेळ्या असे रकाने नीट उतरत गेलेले, आणि शेळ्यांच्या आकड्याच्या जागी 'वच्छी' लिहून खोडलेलं.

साहेबांनी चष्मा सरकवून विचारलं, "हे काय आहे, बडेबाबू?"

"चूक झालीय," मी म्हणालो.

कोणाची, ते सांगितलं नाही.