आल्काल्देचा कौल

वाल्पाराइसो शहराच्या टेकडीवर नोल्फाच्या कापडी उंदरांना मोठं नाव होतं. जुन्या स्वेटरचे तुकडे शिवायचे आणि आत मांजरांना झिंग आणणारा वाळका पाला, कॅटनिप, भरायचा. शिवायची नोल्फा. पाला गच्चीवर तेलाच्या डब्यांत लावायची आणि सावलीत वाळवायची ती तिची धाकटी बहीण एर्मिंदा. दोघी विधवा, एकाच चुलीवर जेवणाऱ्या.

घरात तीन मांजरं होती, पण दोन अजून पिल्लं, त्यांना झिंग कुठली कळायला? कौल चालायचा तो म्हाताऱ्या बोक्याचा, आल्काल्देचा. नवा पाला भरला की पहिला उंदीर त्याच्यापुढे. तो गाल घासून लोळला, तरच माल रविवारच्या बाजारात जायचा. शितावरून भाताची परीक्षा, असं नोल्फा तोऱ्यात सांगायची, आणि परीक्षाही गिऱ्हाइकांदेखत दारातच घ्यायची.

एका एप्रिलात आल्काल्देने उंदीर हुंगला आणि सरळ भिंतीशी जाऊन बसला. गिऱ्हाइकं हसली. नोल्फाचं डोकं फिरलं. बाई सुईला पक्की, पण जिभेला हाड नाही. पाला कमी पडला म्हणून एर्मिंदाने पुदिना मिसळला असणार, असं ती सगळ्यांसमोर बोलून गेली.

“ताई, मी भेसळ करीन? तुझ्या मालात?” एर्मिंदाने विचारलं.

“मांजराला खोटं बोलून काय मिळायचंय?”

एर्मिंदाने डब्यांना पाणी घातलं, कपडे बांधले आणि ती दूर कालामा गावी मुलाकडे निघून गेली. नोल्फाने अडवलं नाही. येईल आपसूक, असं तिला वाटलं. पुढे याच गोष्टीने तिचा जीव खाल्ला.

काही आठवड्यांनी आल्काल्दे मासळीलाही तोंड लावेना. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, वयामुळे त्याचं नाक कधीचंच गेलंय. नोल्फाने घरी येऊन तोच उंदीर शेजारणीच्या मांजरीपुढे टाकला. ती अशी गडबडा लोळली की शेजारीण पोट धरून हसली. नोल्फा पायरीवर बसून रडली.

तिने फोन लावला, झालं ते सांगितलं, माफी मागितली. एर्मिंदाने सगळं ऐकून घेतलं.

“त्याचं नाक गेलंय हे कळलं म्हणून फोन केलास ना, ताई? आणि नाक शाबूत निघालं असतं तर?”

नोल्फाला खोटं बोलवेना. एर्मिंदाने थोडी वाट पाहिली, मग फोन ठेवला.