आत्यांनी मुद्दाम दूध नासवलं

माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई, कुणाचं ऐकत नाहीत. मी त्यांना आत्या म्हणते. सांगोल्याकडच्या आमच्या कोरड्या गावात पाऊस कुणाचं ऐकत नाही, तशाच त्या.

लग्नात त्यांना माहेरून एक शेळी आंदण आली होती. आज दावणीला आहेत त्या सगळ्या तिच्याच वंशातल्या. सासरे गेल्यावर आत्यांचं म्हणावं असं तेवढंच उरलं. त्यांचे धाकटे दीर, मायाप्पा मामा, सारखे म्हणायचे, "वैनी, वय झालं तुमचं. इकून टाकू की." आत्या धार काढायला बसायच्या. मग मामा मुकाट्याने चहाला दूध मागायचे, कारण त्यांच्या दोन्ही शेळ्या कधीच्याच कोरड्या होत्या.

डेअरीवाला शेळीचं दूध घेत नाही. शहरात डेंगूची साथ आली की लोक औषध म्हणून ते न्यायला मोटारी घेऊन दारात येतात, हात जोडतात. साथ सरली की त्याच दुधाला वास यायला लागतो.

शिमग्याच्या सुमारास माझ्या हातून दूध नासलं. आमच्यात असलं दूध कडुलिंबाच्या बुडाशी ओतून हात जोडतात. मुद्दाम नासवणं तर पापच, जनावर आटतं म्हणे. मी पातेलं उचललं, तर आत्यांनी हात धरला.

"सोनाली, माझ्या शेळीनं काय झाडासाठी पान्हा सोडलाय?"

त्यांनी ते फडक्यात बांधून टांगलं. पाणी निथळल्यावर गोळा पाट्यावर घेतला आणि लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून लोण्यासारखा वाटला. मी कुर्डुवाडीची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. म्हटलं, "आत्या, हे तर चीज स्प्रेड झालं की!"

"नाव काय बी असू दे. काकडी काप."

नहाणीच्या पाण्यावर आलेली काकडी, मुळा आणि बाजारचं गाजर. लसणापुढे शेळीचा वास कुठल्या कुठे गेला. माझा नवरा चिंचोळीच्या कारखान्यात डबा घेऊन गेला, तर सोबतच्यांनी फस्त केलं, त्याच्या स्वतःच्या वाट्याला बोटभर उरलं.

मग आत्या मुद्दाम उकळत्या दुधात लिंबू पिळायला लागल्या. तेही दार सताड उघडं ठेवून.

मामा तणतणत आले, मागोमाग शेजारपाजारही दारात जमला. "वैनी, धनगराच्या घरात दूध नासवता? शेळ्या आटतील!"

"एक जरी आटली, तर समद्या सांगोल्याच्या बाजारात घिऊन जा. चार माणसांदेखत सांगते."

चैत्र लागला होता, रानात काडी नव्हती. व्हायचं तेच झालं. चांदी आटली, आत्यांची सगळ्यात लाडकी शेळी. आत्या तिच्या गळ्याला मिठी मारून बसल्या आणि मला रडू आवरेना.

"रडती कशाला? मी हाय की," त्या म्हणाल्या, पण चांदीच्या गळ्यातला हात काही सोडला नाही.

चहाला दूध कमी आलं आणि मामांना कळलं. दुसऱ्या दिवशी ते टेम्पो आणि तीन माणसं घेऊन हजर.

आत्यांनी घोंगडं टाकलं. ताटात तो लसणाचा गोळा, भोवती काकडी, गाजर, मुळा. "आधी खावा, मग सोडा शेळ्या."

माणसं मामांच्या तोंडाकडे बघत बसली. मग एकानं काकडी बुडवली. त्यानंतर मामांकडे कुणी बघेना. मामा हात मागे बांधून उभेच.

ताट पुसून झाल्यावर आत्या उठल्या. "मायाप्पा, शब्द दिलाय, ने. फकस्त एक सांग. माझी एक आटली ती मी दूध नासवलं म्हणून. तुझ्या दोन्ही आटल्या, तुझ्या घरात कुणी नासवलं?"

टेम्पोवाला शेवटचं गाजर चावता चावता थांबला. "मामा, उन्हाळा हाय. आमच्या बी आटल्यात की." बाकीचे दोघे फिदीफिदी हसले.

टेम्पो रिकामा गेला. मला तर अंगणात नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या सकाळी मामा पेला घेऊन दारात आले, मान खाली. "वैनी, चहाला जरा..."

चुलीवर दूध उकळत होतं. आत्यांनी त्यांच्या डोळ्यांदेखत लिंबू चिरलं आणि थेंबन् थेंब त्यात पिळलं.

"दूध न्हाय. खायचं असंल, तर गाजर घिऊन ये."