लागला म्हणायचं

आबांच्या बॉक्सिंगच्या क्लासात एक विचित्र नियम होता. जिला ठोसा बसेल तिने मोठ्याने “लागला” म्हणायचं. रहिमतपूरच्या एका जुन्या गुळाच्या गोदामात दहा-बारा मुली सराव करत आणि “लागला! लागला!” पार रस्त्यापर्यंत ऐकू येई. एखादी ओठ आवळून गप्प राहिली की आबा शिट्टी फुंकत. “लागला तर लागला म्हनायचं. लपवलास तर फुडचा बी त्याच जागी बसतोय.”

आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्या शेजारची. खेळायला नव्हे, लिहायला जायची. स्पर्धांचे अर्ज इंग्रजीत असत आणि माझी शाळा इंग्रजी. बाकावर लॅपटॉप घेऊन बसलं की कुणाशी बोलावं लागत नसे. एकदा लोखंडी वजन माझ्या पायावर पडलं. “काही नाही,” मी म्हणाले. आबांनी बर्फ आणून अंगठ्यावर धरला. “तू लय खोटं बोलतीस गं. ते बी गप बसून.”

त्यांच्या मुलीची, सुजाताची, आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग स्पर्धेसाठी निवड झाली, तोवर शुगरने आबांची नजर गेली होती. ती परदेशी पोचली त्याच आठवड्यात त्यांना सांगलीच्या दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. आबांना फक्त सुजाताची लढत हवी होती. ती मी त्यांना सांगायची होती.

दुपारी मी उशीवर फोन उभा केला. समालोचन इंग्रजीतच होतं.

“पोरगी कंच्या कोपऱ्यात?”

“निळ्या,” मी पुटपुटले.

“कानात काय सांगतीस? गोदामात हाईस समज.”

मग माझा आवाज चढत गेला. “डावा मारला! बसला, आबा, बसला!” शेजारच्या खाटेवरच्या आजीही उठून बसल्या. तिसऱ्या फेरीत सुजातालाच एकामागून एक सरळ ठोसे बसले. ते मी सांगितले नाहीत. निकाल पुकारला गेला आणि लाल पोशाखातल्या मुलीचा हात वर झाला. आबांनी चेहरा माझ्याकडे वळवला होता.

“जिंकली,” मी म्हणाले.

“व्हय? झ्याक झालं.” त्यांनी माझा हात थोपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताचा फोन आला. “आबा, हारले. लागला ओ.”

“लागला तर लागला. जेवलीस का?”

फोन बंद झाल्यावर मला मान वर करवेना. आबाच म्हणाले, “मला कालच कळलं हुतं. रेड आन् ब्ल्यू एवढं इंग्रजी फौजेत शिकलोय की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुजा एवढा मोठा आवाज पयल्यांदाच ऐकला. मोडवंना.”

चार दिवसांनी आबा गेले.

सुजाता परतली ती संघाच्या जॅकेटवरच गोदामात आली. बाकावर माझ्याशेजारी बसून तिने शेवटचं सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, माझ्या खोट्यासकट. तिने बाकावरची सरावाची हातपट्टी उचलून गुंडाळली.

“आन् तू? तू बरी हाईस न्हवं?”

सवयीने ‘काही नाही’ ओठांवर आलं होतं.

“लागला,” मी म्हणाले.

“मोठ्यानं,” सुजाता म्हणाली.